१०३ ताटं आणि एक ठरलेलं बजेट: सणाच्या चार दिवसांच्या जेवणाचा पूर्ण हिशोब

हे प्रकरण माझ्या मोठ्या बहिणीच्या घरचं आहे आणि तिला विचारूनच लिहितेय. घरात माणसं पाच: ताई, भाऊजी, दोन मुलं आणि तिच्या सासूबाई. सणाची सुट्टी चार दिवसांची, त्यात नणंद, तिचा नवरा आणि दोन पोरं असे चार जण मुक्कामाला, आणि मुख्य दिवशी दुपारी जेवायला अजून नातेवाईक, म्हणजे त्या एका पंगतीला सोळा जण. पगार ठरलेला आणि सणासाठी बाजूला काढलेले पैसेही ठरलेले. रक्कम सांगत नाहीये कारण ती प्रत्येकाच्या घरी वेगळीच असणार, सोयीसाठी ते बजेट १०० धरू आणि पुढचे सगळे आकडे त्या शंभराच्या हिशोबात वाचा.

गेल्या वर्षीही जवळपास एवढीच माणसं होती. तेव्हा १०० ठरवले होते आणि खर्च झाला १४०. वरचे ४० पुढच्या महिन्याच्या घरखर्चातून गेले, तो महिना कसाबसा ओढला, आणि या सगळ्याचं खापर अर्थातच स्वयंपाकघर जिच्या हातात तिच्यावर फुटलं. मला याचंच जास्त वाईट वाटतं बघा. चार दिवस जी बाई ओट्यापाशी उभी असते तिलाच नंतर ऐकावं लागतं की एवढे पैसे गेले कुठे, आणि तिच्याकडे उत्तर नसतं, कारण तिने उधळपट्टी केलेलीच नसते.

आधी जुनी बिलं

ताई बिलं फेकत नाही, एका डब्यात कोंबून ठेवते, त्यामुळे आम्हाला अंदाजावर काम करावं लागलं नाही. सगळी बिलं जमिनीवर पसरली आणि तीन गठ्ठे केले. मुख्य दिवसाच्या मोठ्या जेवणासाठी घेतलेलं एकीकडे, बाकी नाश्ते, साधी जेवणं, चहा-दूध वगैरे दुसरीकडे, आणि मूळ यादीत नसलेलं पण ऐनवेळी पळत जाऊन आणलेलं तिसरीकडे. पहिल्या गठ्ठ्याचे भरले ५५, दुसऱ्याचे ३५ आणि तिसऱ्याचे ५०. ताई त्या तिसऱ्या गठ्ठ्याकडे बघतच राहिली. तिच्या डोक्यात वर्षभर हेच पक्कं बसलं होतं की मोठं जेवण जरा जास्तच भारी झालं म्हणून पैसे गेले, आणि यंदा करायचं काय तर मोठ्या जेवणातले दोन पदार्थ कापायचे. कागद काहीतरी वेगळंच सांगत होता.

त्या ५० मधले २२ एकाच रात्रीचे निघाले, मुख्य दिवसाच्या रात्री बाहेरून मागवलेल्या जेवणाचे. आता बघा काय झालं होतं. दुपारी पंधरा माणसं जेवली, भात निम्म्याहून जास्त उरला, भाज्या उरल्या, पण गप्पांच्या नादात सगळी पातेली ओट्यावरच राहिली, दुपारी एकपासून रात्री आठपर्यंत. आठ वाजता नऊ जणांना भूक लागली तेव्हा सिंकमध्ये भांड्यांचा ढीग, ताई मेटाकुटीला आलेली, आणि सात तास बाहेर राहिलेलं अन्न मुलांना द्यायची कोणाचीच हिंमत होईना. ते न देणं बरोबरच होतं. शिजवलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनसुद्धा जिवंत राहू शकतात, भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते वाढतात आणि जे विष तयार करतात ते परत गरम करून जात नाही. म्हणजे ज्या रात्री घरात एवढं शिजलेलं अन्न टाकून दिलं त्याच रात्री नऊ जणांचं जेवण विकत घेतलं. एकाच जेवणाचे पैसे दोनदा गेले.

ही काही फक्त ताईच्या घरची गोष्ट नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये अन्नाच्या नासाडीवर अहवाल काढला होता, त्यात २०२२ या एका वर्षात जगभरात १०५ कोटी टन अन्न वाया गेल्याचा अंदाज आहे आणि त्यातला ६० टक्के वाटा घरांचा, हॉटेलांचा किंवा दुकानांचा नाही. घराघरातली ही नासाडी माणशी वर्षाला सरासरी ७९ किलो येते. हा आकडा वाचून मी ताईला म्हटलं, अगं तुझ्या त्या पातेल्यासारखी पातेली सगळीकडेच आहेत.

ताटं मोजली

मेनूवर बोलायचंच नाही असं आम्ही ठरवलं, आधी ताटं मोजायची. चार दिवस, दिवसाला नाश्ता, दुपार, रात्र, आणि प्रत्येक वेळी घरात नक्की किती माणसं. पहिल्या दिवशी सकाळी ५, दुपारी ५, संध्याकाळी पाहुणे पोचणार म्हणून रात्री ९, झाले १९. दुसऱ्या दिवशी तिन्ही वेळा ९, म्हणजे २७. मुख्य दिवशी नाश्ता ९, दुपारी १६, रात्री परत ९, मिळून ३४. चौथ्या दिवशी नाश्ता ९, दुपारी ९ आणि पाहुणे गेल्यावर रात्री ५, म्हणजे २३. एकूण १०३.

या १०३ ताटांमध्ये मोठ्या जेवणाची ताटं किती, तर १६. म्हणजे ज्या जेवणाची यादी महिनाभर आधीपासून चालू असते, ज्याच्यावर घरात चर्चा, रुसवेफुगवे, फोन, सगळं होतं ते अख्ख्या सुट्टीच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी, आणि उरलेल्या ८७ ताटांसाठी कागदावर एक ओळ नाही. ही ८७ ताटंच बजेट खातात असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांचा कोणी विचार केलेला नसतो, मग नाश्त्याला ऐनवेळी ब्रेड कमी पडतो, दूध संपतं, पोरं काहीतरी खायला मागतात, आणि एक वस्तू आणायला दुकानात गेलेला माणूस पिशवी भरून येतो.

मग १०० ची वाटणी अशी केली: मोठं जेवण ३५, बाकीची सगळी जेवणं आणि नाश्ते ४५, चहा-खाऊ-सरबतं १०, आणि १० राखीव. राखीववरून भाऊजींनी जरा वाद घातला, म्हणाले, "आधीच पैसे कमी आणि त्यातले दहा बाजूला ठेवायचे?" पण मागच्या वेळी ऐनवेळचा खर्च ५० झालाय हे कागदावर समोर होतं, ते दहा ठेवले नाहीत तरी जाणारच होते, फक्त न विचारता गेले असते. शेवटी ते तयार झाले.

भाताचं पातेलं

गेल्या वर्षी पंधरा माणसांना ताईने अडीच किलो तांदूळ शिजवला होता. मी विचारलं अडीच किलो कुठून आला, तर म्हणाली, "अगं, पाहुण्यांसमोर कमी पडायला नको ना." ही भीती अगदी खरी आहे, तिला हसण्यात काही अर्थ नाही, घरी आलेला माणूस अर्धपोटी उठू नये असं वाटणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण भीतीला आकडा नसतो, म्हणून तो आपण द्यायचा. तांदूळ शिजला की वजनाने साधारण पावणेतीन पट होतो. अडीच किलोचा झाला जवळपास सात किलो भात, भागिले पंधरा, माणशी सव्वाचारशे ते पावणेपाचशे ग्रॅम. नुसता भात. त्याशिवाय सात पदार्थ होते आणि ते प्रत्येकी माणशी २०० ग्रॅम धरले तरी एका ताटाला पावणेदोन किलोच्या वर अन्न होतं. मोठा माणूस पोटभर, अगदी सणाचं जेवला तरी सगळं मिळून अर्धा ते पाऊण किलोच्या आसपास खातो. म्हणजे दुपटीहून जास्त शिजलं होतं, आणि त्या पंधरात चार तर लहान मुलं होती.

यंदा तांदूळ धरला एक किलो, सोळा जणांना. माणशी ६० ग्रॅमच्या थोडं वर, शिजून पावणेदोनशे ग्रॅम भात. ताईच्या पोटात गोळाच आला, "पुरेल का गं?" मग आम्ही आदल्या आठवड्यात साध्या दिवशी ६० ग्रॅम तांदूळ मोजून शिजवला आणि एका ताटलीत वाढला. चांगला दोन वाट्या भरून झाला. तो डोळ्यांनी बघितल्यावरच तिचा जीव शांत झाला, नुसत्या गणिताने झाला नसता. मी तर म्हणेन ज्यांना कोणाला असा अंदाज येत नाही त्यांनी हे एकदा करावंच, एक ताट तोलून वाढून बघा. आणि धास्ती वाटत असेल तर वरचा अर्धा किलो तांदूळ कोरडाच मोजून तयार असू द्या, लागला तर वीस मिनिटांत शिजतो, नाही लागला तर परत डब्यात, कच्चा तांदूळ काही नासत नाही.

पदार्थांची संख्या हा दुसरा मुद्दा. आठ पदार्थ केले म्हणून माणूस आठपट जेवत नाही, प्रत्येकातलं थोडं थोडं घेतो. पण आपण शिजवताना प्रत्येक पदार्थ असा शिजवतो जसा काही तो एकटाच ताटात असणार आहे. यंदा मोठ्या जेवणाला पाच पदार्थ ठेवले, त्यातला एकच भारी.

घरात काय आहे ते

मेनू अजूनही लिहिला नव्हता. आधी कपाट, फ्रिज आणि फ्रीझर रिकामं करून काय काय आहे ते लिहून काढलं. निघालं बरंच: अर्ध्या-अर्ध्या डाळींच्या पिशव्या, जवळपास किलोभर छोले, पास्त्याची दोन पाकिटं, तीन वेगवेगळ्या बरण्यांत मिळून वर्षभर पुरेल इतका एकच मसाला, फ्रीझरमध्ये मटार. ताई दर सणाला "असू दे, लागेल" म्हणून मसाले नवीन आणायची. नुसत्या या यादीने किराण्यातल्या बऱ्याच ओळी खोडल्या गेल्या. तारखा बघताना लक्षात ठेवायची गोष्ट ही की ‘बेस्ट बिफोर’ ही चवीची, ताजेपणाची तारीख असते, ती उलटली म्हणून बंद पाकिटातली डाळ विषारी होत नाही, पण ‘यूज बाय’ लिहिलेलं असेल तर ती सुरक्षिततेची तारीख आहे आणि तिच्यापुढे धोका पत्करायचा नाही. ताई दोन्ही एकच समजून चांगल्या वस्तू टाकत होती.

मेनू उलट्या बाजूने

मग मेनू. साधारणपणे आपण काय करतो, आधी पदार्थ ठरवतो आणि मग त्यांचं सामान लिहितो, त्यामुळे बारा जेवणांना बारा दिशांचं सामान येतं आणि प्रत्येकातलं थोडं उरतं. अर्धी कोबी, पाव डबा क्रीम, चार काड्या सेलरी. आम्ही उलटं केलं. नऊ मुख्य जिन्नस घेतले आणि त्यांच्यावरच सगळी बारा जेवणं बसवली: बटाटे, कांदे, टोमॅटो, छोले, तांदूळ, अंडी, चिकन, मटार, आणि मोसमात जी स्वस्त असेल ती एक पालेभाजी. एक वस्तू किमान दोन जेवणांत आली पाहिजे, नाही आली तर ती यादीतून बाहेर. हा नियम ताईला फार आवडला, सासूबाईंनाही.

मोठ्या दिवसाचा भारी पदार्थ चिकनचा. हाडांसकट घेतलं, कारण हाडं उकळून दुसऱ्या दिवशीच्या सूपचं पाणी निघतं आणि ते जेवण जवळजवळ फुकटात पडतं. चिकन शिजताना वजन पावभागाने तरी घटतं हे धरूनच घेतलं, आणि बटाटे घालून पदार्थ वाढवला. सासूबाई मांसाहार करत नाहीत, नणंदेचा नवराही नाही, म्हणून छोल्यांचा रस्सा. वाळलेले छोले भिजवून शिजवले की वजनाने दुपटीपेक्षा जास्त होतात, म्हणून घरातल्या किलोभरात मोठ्या जेवणाचा रस्सा आणि आदल्या रात्रीचं सॅलड असं दोन्ही बसलं आणि डबाबंद काही आणावं लागलं नाही. कांदा-टोमॅटोचं वाटण एकदाच जास्त करून, परतून, तीन डब्यांत फ्रीझ केलं. पोरांचा पास्ता, छोले आणि चिकन, तिन्हीचा पाया तोच. याने पैसे किती वाचले ते वेगळं काढता येत नाही, पण ताईचे ओट्यापाशी उभं राहण्याचे तास नक्की कमी झाले, आणि थकवा हे बाहेरून मागवण्याचं सगळ्यात मोठं कारण असतं हे त्या २२ च्या बिलात स्पष्ट दिसलं होतं. म्हणून मुख्य दिवसाच्या रात्रीचं जेवण सगळ्यात आधी ठरवलं: दोन दिवस आधी करून फ्रीझ केलेलं मटार-बटाट्याचं सूप आणि पाव, बस. त्या रात्री कोणी स्वयंपाक करायचा नाही.

नाश्त्याला दोनच प्रकार आलटून पालटून. पोरांनी तक्रार केली नाही, तक्रार होईल असं मोठ्यांनाच वाटत असतं.

"मी काय आणू?"

नणंदेचा फोन आला. गेल्या वर्षीही आला होता आणि ताईने ठरलेलं उत्तर दिलं होतं, काही नको, तुम्ही फक्त या. मग ती बिचारी रिकाम्या हाताने कशी येणार म्हणून महागड्या मिठाईचा मोठा डबा घेऊन आली, तशाच डब्यांसह बाकीचेही आले, आणि गोड इतकं साठलं की शेवटी वाटून टाकलं. यंदा ताईने मनाचा हिय्या केला. "ताई, खरं सांगू का, मुख्य दिवशीचं गोड तुम्हीच करून आणाल का? सोळा जणांचं. तुमच्या हातचं सगळ्यांना आवडतं, आणि मला एवढं सगळं एकटीला नाही जमत."

पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही, ताईने डोळे मिटून घेतले. मग नणंद म्हणाली, "अगं वहिनी, हे आधीच नाही का सांगायचं, मला दरवर्षी प्रश्न पडतो काय आणू म्हणून." दुसऱ्या एका नातेवाइकांना फळं सांगितली, तिसऱ्यांना सरबत. माझं म्हणणं आहे की मदत मागायचीच असेल तर पदार्थ आणि माणसांचा आकडा दोन्ही सांगावं, "काहीतरी आणा" म्हटलं की पुन्हा तेच चार गोडाचे डबे येतात. आणि ज्यांचे हात तंग असतील त्यांना स्वस्तातली गोष्ट सांगावी किंवा काम सांगावं, येऊन सॅलड चिरा, एवढं पुरे.

खरेदी

तीन टप्प्यांत केली. तांदूळ, पीठ, तेल, साखर, चहा असं कोरडं सामान तीन आठवडे आधी, कारण सण जवळ आला की मागणी वाढते, गर्दी वाढते आणि चांगलं स्वस्त ते आधी संपतं, मग उरलेलं महागडं घ्यावं लागतं. बटाटे, कांदे आणि फ्रीझरमध्ये जाणारं आठवडाभर आधी. पालेभाजी, टोमॅटो, दूध, पाव एक-दोन दिवस आधी. बटाटे आणि कांदे एकाच टोपलीत ठेवू नका, बटाट्यांना लवकर मोड येतात. केळी बाकीच्या फळभाज्यांपासून लांब, पिकताना त्यांच्यातून इथिलीन वायू निघतो आणि शेजारचं सगळं भरभर पिकतं.

दुकानात पाकिटावरची किंमत बघायची नाही, १०० ग्रॅमला किती पडतं ते बघायचं, मोबाइलवर भागाकार करायला दहा सेकंद लागतात. मोठं पाकीट स्वस्तच असतं असं नाही, कधी कधी दोन लहान घेतलेली परवडतात, आणि काही कंपन्या किंमत तीच ठेवून आतलं वजन कमी करतात ते या भागाकारातच पकडलं जातं. अजून एक भागाकार लोक करत नाहीत तो टाकाऊ भागाचा. शेंगांसकट मटार किलोभर घेतला तर दाणे अर्ध्याहून कमी निघतात, फ्लॉवरचे दांडे-पानं काढली की बराच भाग जातो, म्हणून ताज्या शेंगा आणि फ्रोझन मटार यांची तुलना करायची तर सोललेल्या दाण्यांच्या भावाने करायची. ताईकडे फ्रोझन स्वस्त पडला, मोसम असता तर उलटंही झालं असतं.

ऑफरबद्दल एकच कसोटी ठेवली होती, दोनवर एक फुकट असेल तर त्या तिसऱ्याचं जेवण कागदावर दाखव. दाखवता आलं नाही तर एकही नको. भाऊजी खरेदीला एकटे गेले तेव्हा त्यांनी फोन करून विचारलं, "हे चीज अर्ध्या किमतीत आहे, घेऊ का?" ताईने कागद बघून सांगितलं, "कुठल्या दिवशी घालू ते सांगा." नाही घेतलं.

फ्रिजमधली जागा

या भागाकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात आणि गेल्या वर्षीचं नुकसान तर इथेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर. उरलेलं अन्न हे विकत घेतलेलंच अन्न आहे, ते वाचवायला फ्रिजमध्ये जागा लागते, आणि सणाच्या दिवशी फ्रिज कोल्ड्रिंकच्या बाटल्यांनी ठासलेला असतो. फ्रिज खच्चून भरला की आत हवा खेळत नाही आणि गारवा धरत नाही. आतलं तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली हवं, फ्रीझर उणे १८. म्हणून बाटल्या बाहेर बर्फाच्या बादलीत ठेवल्या आणि मधला एक अख्खा कप्पा मुख्य दिवशी सकाळीच रिकामा ठेवला, उरलेल्यासाठी. पसरट डबे आधीच धुवून ओट्यावर. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, आणि मोठं पातेलं तसंच फ्रिजमध्ये सरकवायचं नाही कारण मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, जिवाणूंना तेच हवं असतं. साधारण दोन इंच थर होईल असं पसरट डब्यांत काढायचं. उरलेलं तीन-चार दिवसांत संपवायचं, खाताना चांगलं वाफ येईपर्यंत, म्हणजे आत ७४ अंशांपर्यंत गरम करायचं.

चिकन फ्रीझरमधून ओट्यावर काढून ठेवायचं नाही, बाहेरचा भाग गरम होतो आणि आत बर्फच असतो. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ताटलीत, मोठा तुकडा असेल तर दोन-अडीच किलोला पूर्ण दिवस धरायचा. विसरलातच तर न गळणाऱ्या पिशवीत बांधून गार पाण्यात, दर अर्ध्या तासाने पाणी बदलत, आणि मग लगेच शिजवायचं.

कोण हे करणार तेही नाव घालून ठरवलं. दुपारी अडीचला भाऊजींच्या मोबाइलवर अलार्म, जेवणं झाली असोत नसोत, उरलेलं डब्यांत काढायचं काम त्यांचं आणि मोठ्या मुलाचं. ताईचं नाही.

चार दिवसांत झालं ते

पहिले दोन दिवस कागदाप्रमाणे गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. मुख्य दिवशी सोळाऐवजी एकोणीस माणसं आली, एक कुटुंब न कळवता आलं. ताईने शांतपणे राखून ठेवलेल्यातला तांदूळ चढवला, छोल्यांच्या रश्श्यात फ्रीझरमधलं एक वाटण आणि दोन बटाटे वाढवले, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. अडीचला अलार्म वाजला तेव्हा भाऊजी गप्पांत होते, उठायला थोडं जड गेलं, पण उठले. रात्री सूप-पाव झालं, वर दुपारचा थोडा भात होता तो वाफवून संपला. साडेनऊला ओटा स्वच्छ होता आणि ताई बाहेर सगळ्यांच्यात बसलेली होती. इतक्या वर्षांत मी तिला सणाच्या रात्री अशी निवांत बसलेली पाहिली नव्हती आणि मला विचाराल तर या सगळ्या हिशोबाचं खरं उत्पन्न ते आहे.

चौथ्या दिवशी पाहुण्यांची गाडी उशिराची निघाली, ते रात्रीचंही जेवून गेले, म्हणजे चार ताटं वाढली. ठरलेली १०३, प्रत्यक्षात वाढली गेली ११०.

खर्च झाला १०७. मोठं जेवण ३५ ऐवजी ३८, तीन ताटं जास्त होती त्यामुळे ते समजण्यासारखं आहे. बाकीची जेवणं ४५ ऐवजी ४२, नणंदेच्या कुटुंबाचं शेवटचं जेवण धरूनही कमीच. राखीवमधले १० पूर्ण गेले आणि वर ३, त्यातलं बरंचसं दूध आणि पावाचं. चहा-खाऊ मात्र १० चे १४ झाले आणि तिथे बेत खरंच चुकला होता: आम्ही ताटं मोजली पण चहाचे कप मोजलेच नाहीत. नऊ माणसांच्या घरात सणाला दिवसाला तीन वेळा चहा होतो आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण एक कप घेतोच, त्यात पोरांचं मधलं खाणं. टाकून दिलं ते फक्त एक वाडगाभर सॅलड, ड्रेसिंग आधीच घातल्यामुळे मऊ पडलं होतं, आणि अर्धा पाव.

पुढच्या वेळेसाठी ताईने त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवलंय: चहा-खाऊला १४, त्यासाठी मोठ्या जेवणातून २ आणि बाकीच्या जेवणांतून २ काढायचे, सॅलडला ड्रेसिंग वाढतानाच घालायचं, तांदूळ एक किलोच, न कळवता येणाऱ्या त्या कुटुंबाला आठवडाभर आधी आपणच फोन करायचा, आणि सरबत कोणाला तरी दुसऱ्यालाच सांगायचं, कारण आलेलं सरबत पाण्यात कालवूनसुद्धा इतकं गोड होतं की मुलांशिवाय कोणी प्यायलं नाही. कागद बिलांच्या डब्यातच ठेवलाय, यंदाच्या बिलांबरोबर पिन मारून.